भिंतीपलीकडची शेवंती

मिरज स्टेशनवर गाडी सुटायला आली होती, तरी अण्णा माझ्या ट्रंकेचं कुलूप ओढून बघायचं थांबेनात. अण्णांची सगळी नोकरी जकात नाक्यावर गेली. पोत्यात तांदूळ आहे असं कुणी म्हटलं की त्यात लोखंडी सळई खुपसून बघायची, ही त्यांची हयातभराची सवय. लेक सासरी निघाली तेव्हाही ती सुटली नाही. शेजारच्या खिडकीपाशी कुणाचे तरी वडील उपरण्याने डोळे पुसत होते. माझे वडील माझ्या समोर बसलेल्या गृहस्थांना आपादमस्तक न्याहाळत होते.

आईच्या कडेवर तेलाचा रिकामा डबा होता. त्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या शेवंतीच्या काश्या. ज्यांनी शेवंती कधी लावली नाही त्यांच्यासाठी सांगते, बहर सरला की झाडाच्या बुंध्याशी जमिनीतून पिलं फुटतात, त्या काश्या. आमच्या परसातली शेवंती पांढरी, बटणाएवढी, मध्ये पिवळा ठिपका असलेली. वास मात्र असा की दारातून आत येताना कळायचं, आज आईने देवाला काय वाहिलंय. आई म्हणाली, "दरवर्षी मोडायची आणि दरवर्षी नव्याने लावायची. एका जागी ठेवलीस तर थकते." अण्णा म्हणाले, "डबा नजरेआड करू नकोस. आणि कुणी गोड बोललं की आधी त्याच्या हातांकडे बघ." एवढे दोन उपदेश घेऊन मी निघाले. दादा, तू खिडकीचे गज धरून हसत होतास, ते मी विसरलेले नाही. बेळगाव यायच्या आत समोरच्या गृहस्थांच्या बायकोने डब्यात काय आहे म्हणून विचारलं आणि मी लोणचं म्हणून सांगितलं. डब्यातून हिरवी पानं बाहेर डोकावत होती. बाई बिचारी काही बोलली नाही, पण त्यामुळेच मला तिचा जास्त संशय आला.

हे सगळं आज लिहायला बसले ते मुक्तामुळे. दादाची ही लेक कॅनडात गेल्याला आता बरीच वर्षं झाली. परवा तिचा फोन आला, "आत्या, आज्जीच्या शेवंतीचा फोटो पाठव ना. आणि खरं सांग, तुझं घर म्हणजे नक्की कुठलं, मिरज की म्हैसूर?" मी म्हटलं, फोनवर सांगण्यासारखं नाही, लिहून कळवते. तेव्हा मुक्ता, आणि दादा तूही, हे वाचा.

ह्यांची नोकरी म्हैसूरबाहेरच्या एका कारखान्यात. सुरुवातीला आम्ही गावातल्या जुन्या अग्रहार पेठेत भाड्याने राहिलो. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, आणि जिन्याच्या पायऱ्यांवर ओळीने माझे शेवंतीचे डबे. पहिल्याच आठवड्यात सकाळी मी जिन्यात उभी असताना एक चांगले गंध लावलेले, स्वच्छ पंचा नेसलेले आजोबा आले, हातातली आकडा लावलेली काठी त्यांनी आमच्या घरमालकिणीच्या भिंतीवरून आत घातली, जास्वंदीची फांदी खाली ओढली आणि पिशवी भरायला लागले. मी चोर चोर म्हणून ओरडले. घरमालकीण धावत बाहेर आली, आजोबांना हात जोडले, आणि पलीकडच्या फांदीवर जास्त फुलं आहेत म्हणून त्यांना दाखवलं. मग माझ्याकडे असं बघितलं की जणू चोर मीच. देवासाठी नेलेल्या फुलाला इथे कुणी चोरी म्हणत नाही, हे मला ह्यांनी रात्री जेवताना समजावलं. मी दुसऱ्या दिवशी डबे उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीखाली नेले.

पहिल्या वर्षी शेवंतीने दगा दिला. मिरजेत दसऱ्याच्या सुमाराला पाऊस आवरतं घेतो आणि शेवंती कळ्या धरते, एवढंच मला माहीत. इथे कळ्या धरल्या आणि पाऊस नव्याने आला. जणू आधीचा पाऊस नुसता नमुना होता. पाकळ्या उमलायच्या आतच तपकिरी पडल्या. मी घरमालकिणीवर संशय घेतला, ती साबणाचं पाणी ओतते म्हणून. मोरीच्या तोंडाशी वास घेऊन बघितला. शेवटी आईने कळवलं, तिथला पाऊस बघ, आपलं कॅलेंडर बघू नकोस. पुढच्या वर्षापासून मी भाद्रपद लागला की डबे पागोळीच्या आत घ्यायला लागले, आणि शेवंती फुलली. त्या दिवशी मी पहिल्यांदा न रडता जेवले असं हे सांगतात. ह्यांच्या सांगण्यावर तुम्ही किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा.

पुढे गावाबाहेर हूटगळ्ळीला साइट मिळाली, इकडे प्लॉटला साइट म्हणतात. तेव्हा तिथे रस्ता कमी आणि खडी जास्त होती. सकाळी शिफ्टच्या बसेस आणि मोटरसायकली गेल्या की उरायची फक्त लाल धूळ. घर बांधून झालं तेव्हा हातात होती कॉम्पाउंडच्या आतली एक पट्टी, आणि तिची आखणी मी एकटीने केली. लोक बाग आखतात ती शोभेसाठी. मी आखली ती आकडेवाल्या काठ्यांसाठी. भिंतीला लागून काटेरी गुलाब. त्यामागे जास्वंद आणि तगर, देवाची माणसं येणारच, तर त्यांचं भागावं आणि त्यांनी तिथूनच परत जावं. मल्लिगे, म्हणजे इथला मोगरा, फाटकापासून लांब, कारण चैत्र-वैशाखात तिच्या वासावर सगळी गल्ली येते. आणि शेवंती अगदी आत, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच्या वाफ्यात, जिथे भाकरी थापतानाही माझा डोळा तिच्यावर राहील.

वर्षभर काम असायचंच. संक्रांतीनंतर जुनी झाडं बुडातून छाटायची, काश्या फुटल्या की माघ-फाल्गुनात वेगळ्या करून सावलीत लावायच्या, उन्हाळ्यात वळवाच्या सरी येतील तेव्हा त्यांना फार भिजू द्यायचं नाही, मृगात वाफ्यात हलवायच्या, श्रावणात शेंडे खुडायचे म्हणजे झाड बाजूंनी भरतं, आणि आश्विनात काटक्यांचे आधार द्यायचे. शेंडे खुडताना मला दरवेळी वाईट वाटायचं. आईला ते कधी वाटत नसे. ती गप्पा मारत मारत खुडायची. मिरजेला जाणं दोन वर्षांतून एकदा व्हायला लागलं, अण्णा गेले, पण वाफ्यापुढे उकिडवी बसले की मी आमच्या परसातच असायचे. याच कारणाने त्या वाफ्याकडे कुणी नजर वर करून बघितलेलं मला खपत नसे.

आणि मग शेजारच्या साइटवर घर उठलं आणि सुलोचनक्का राहायला आल्या.

देवराज मोहल्ल्यातून आल्या होत्या. मूळ रंगाऱ्यांचं घराणं, कापड रंगवणारे आणि छापणारे. पिढ्यान् पिढ्या म्हैसुरात. धंदा केव्हाच सुटलेला, यजमान टेलर लोकांना अस्तर आणि बटणं पुरवायचे. मी वाफ्यात होते आणि भिंतीवरून आवाज आला, "तुमी मिरजेचे काय री? आमी पण मराठीच. पण आमचं मराठी असंच, अर्धं कन्नडा."

एवढ्या वर्षांनी परक्या तोंडून मराठी ऐकलं की माणसाला भरून यावं. मला वाटलं, हिला काहीतरी हवंय. अण्णांचा उपदेश आठवून मी हातांकडे बघितलं. मजबूत, मातीत काम केलेले हात होते. संशयाला ते पुरेसं होतं.

रोज सकाळी त्या भिंतीशी यायच्या आणि शेवंतीचं कौतुक करायच्या. असा पांढरा रंग कापडाला आणायचा तर आमच्या आजोबांना किती धुवावं लागायचं, म्हणायच्या. पण कधीही एक काशी मागितली नाही. हेच मला खटकायचं. आमच्याकडे बायका दुसऱ्या वाक्याला मागतात. जी आवडलं म्हणते आणि मागत नाही, तिच्या मनात काय असेल? ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "तिला आवडलं असेल." कारखान्यात यंत्रांबरोबर राहून ह्यांना माणसं कळेनाशी झाली होती.

त्या फाल्गुनात काश्या वेगळ्या करायच्या आदल्या सकाळी वाफ्याच्या कडेला मला एक खळगा दिसला. माती परत नीट दाबलेली, वर वाळका पालासुद्धा पसरलेला. जनावराने उकरलं असतं तर पाला पसरला नसता. मी हूं की चूं केलं नाही. संध्याकाळी वाफ्याभोवती रांगोळीचा जाड पट्टा टाकला. नाक्यावर अण्णा गोदामाच्या दाराशी राख पसरायचे, तीच युक्ती. सकाळी बघते तर पट्टा एका बाजूला पायाने मोडलेला, आणखी एक काशी गेलेली, आणि जिथे पट्टा मोडला होता तिथे, माझ्याच अंगणात, एक छोटंसं कमळ काढलेलं. त्याची डावीकडची पाकळी जरा लांब होती. सुलोचनक्कांच्या दारात रोज निघायचं तेच कमळ.

मी ह्यांना हाताला धरून आणलं आणि दाखवलं. हे वाकून बघत म्हणाले, "रांगोळी सुरेख आहे." मी चहा दिला नाही.

भांडण केलं नाही. अण्णा म्हणायचे, माल हातात सापडल्याशिवाय तोंड उघडू नये. पण बोलणं तोडलं. फाटकाला कुलूप लावलं. श्रावणात वरमहालक्ष्मीच्या व्रताला त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेले, कारण न जाणं दिसायला वाईट, आणि गेले तेव्हा सगळीकडे बघून घेतलं. शेवंती गच्चीवर नव्हती, पुढे नव्हती. परसाचं दार मात्र बंद होतं. मी सहज विचारलं, मागे जागा आहे का हो? त्या म्हणाल्या, "स्वल्प आहे," आणि माझ्या ओटीत जास्तीचे तांदूळ घातले. तांदळाने मी फसले नाही.

असं चाललं काही वर्षं. मिरजेला, दादा, तू परसात फरशी घातलीस, गाडी ठेवायला. मला राग आला होता, तो मी तेव्हा बोलून दाखवला नाही, आज लिहिते. पण मनात म्हटलं, असू दे, शेवंती माझ्याकडे आहे. आईही फोनवर तेच म्हणाली होती, "आता तुझ्याकडेच आहे गं ती." एवढं एकच वाक्य, पण त्यानंतर ती बाग राहिली नाही, माझ्यावर टाकलेली जबाबदारी झाली.

मग त्या आश्विनात आई आजारी पडल्याचा फोन आला आणि आम्ही दोघं होतो तसे निघालो. पुढचं तुम्हाला माहीत आहे. आईचं सगळं करून, दिवस उरकून परत येईपर्यंत कार्तिक लागला होता. मागे इथे पावसाने ठाण मांडलं होतं. दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या साइटवर कुणीतरी घराच्या पायासाठी मातीचे ढीग टाकले होते, त्यामुळे रस्त्याचं पाणी सगळं आमच्या कॉम्पाउंडात वळलं. गुलाब उभे होते, जास्वंद उभी होती. खिडकीसमोरचा वाफा मात्र नुसता चिखल होता. मी एक झाड धरून ओढलं, तर ते हातात आलं, खाली मूळच नव्हतं. एकेक करून सगळी तशीच आली. स्मशानातून आल्यावर मी रडले नव्हते. त्या चिखलात बसून रडले. मिरजेत फरशी होती, आई नव्हती, आणि जी गोष्ट सांभाळायला तिने मला दिली होती ती कुजून माझ्या हाताला लागली होती.

हे एवढंच म्हणाले, "भिंतीपलीकडे विचार ना."

मला ते सुचलं नव्हतं असं नाही. पण विचारायचं कसं? चोराकडे आपलीच वस्तू मागायची? आणि ती म्हणाली, माझ्याकडे नाहीच, तर? मुख्य भीती तीच होती. ती खोटं बोलेल याची नव्हे, खरंच नसेल याची. दोन दिवस मी त्या भीतीपायी गेले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले, त्यांनी दार उघडलं आणि मी नमस्कारसुद्धा न करता म्हटलं, "माझ्या आईची शेवंती तुमच्याकडे आहे."

वर्षानुवर्षं मी या प्रश्नाची तयारी केली होती. त्या काय काय नाकारतील, त्यावर मी काय बोलेन, कमळाची पाकळी कशी पुढे करेन. सुलोचनक्का म्हणाल्या, "आहे की री. बन्नी, या आत."

परसाचं दार त्यांनी उघडलं. भिंतीच्या आडोशाला, पत्र्याच्या वळचणीखाली, उंच वाफ्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत शेवंती फुललेली होती. पांढरी, बटणाएवढी. पाऊस तिला लागलेला नव्हता. वास माझ्याआधी ओट्यावर आला होता. आई जाऊन महिनाही झाला नव्हता आणि ती इथे, एका रंगाऱ्याच्या परसात, होती.

मी म्हटलं, "मला एक द्या."

"देणार नाही," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, शेवटी हिने दात दाखवले. पण त्या खाली पायरीवर बसल्या आणि मलाही बसवलं. मग त्यांच्या त्या अर्ध्या कन्नडात त्यांनी जे सांगितलं त्याचा सारांश असा, की त्यांच्यात रोप मागून आणत नाहीत आणि कुणी दिलं तर लावत नाहीत. दिलेलं रोप जगत नाही, गुपचूप उचललेलंच धरतं, असं त्यांच्या सासूने त्यांना शिकवलेलं. माझी शेवंती त्यांना पहिल्या दिवसापासून हवी होती, पण मागितली तर मी देऊन टाकेन या भीतीने त्यांनी कधी ती मागितली नाही. नुसतं कौतुक केलं. मी जाऊन एखादी काशी हातात ठेवली असती तर त्यांना ती नाइलाजाने घ्यावी लागली असती आणि ती मेली असती. त्या मागायचं टाळत होत्या त्याचं कारण हे.

"आणि कमळ?" मी विचारलं.

"मग काय री," त्या म्हणाल्या, "तुमच्या अंगणातली रांगोळी माझ्या पायाने मोडली. मोडून तशीच टाकून यायची? ते बरं काय?"

म्हणजे चोरी करायला हरकत नव्हती, मोडलेली रांगोळी ठेवायला होती. जकात नाक्यावर असा माल अण्णांच्या हाताला कधी लागला नसेल.

"आता फूल आहे. आता हात लावू नका," उठता उठता त्या म्हणाल्या. "संक्रांत होऊ दे. काश्या येतील. परसाचं दार मी लावत नाही सकाळचं. मी आत असते, कुकर लावते. मला काय कळणार?"

तेव्हापासून माघापर्यंतचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. म्हणायला बाई म्हणाली, पण तिचा भरवसा काय? तिचा मुलगा बेंगळूरला, त्याने नेलं तर? यजमानांनी परसात खोली बांधायला काढली तर? भिंतीशी वाळूचा ट्रक उभा राहिला की मी हातातलं काम टाकून बघायला धावायचे. संक्रांतीला त्यांनी एळ्ळु-बेल्ला आणून दिला, तीळ, गूळ, खोबरं, सगळं व्यवस्थित, आणि शेवंतीबद्दल अवाक्षर काढलं नाही. मीही नाही. माझा वाफा मी उंच करून घेतला, पाण्याला वाट दिली, शेणखत घातलं, आणि तो रिकामा ठेवला.

एका सकाळी, आंघोळ करून, मी माझ्या आयुष्यातली पहिली चोरी करायला निघाले. परसाचं दार उघडं होतं. वाफ्याशी खुरपं पडलेलं, शेजारी ओल्या गोणपाटाचा तुकडा घडी करून ठेवलेला. छाटलेल्या झाडांच्या बुडाशी हिरव्यागार काश्या. आतून भांड्यांचा आवाज येत होता, जरा जास्तच मोठा. आणि वाफ्याभोवती, कडेने, रांगोळीचा जाड पट्टा. त्या बाईने माझ्यावर नजर ठेवली होती की माझी थट्टा केली होती, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

काश्या मुळासकट उचलल्या, गोणपाटात बांधल्या, माती परत दाबली, वर पाला पसरला. पट्टा पायाखाली मोडलाच. रांगोळीचा डबा पायरीवर होता. कमळ मला येत नाही. आई चातुर्मासात दारात काढायची तशी गोपद्मं काढली, आणि पदराखाली गोणपाट धरून निघाले. आतल्या भांड्यांचा आवाज तेवढ्यात बंद झाला. काश्या लागल्या. एकूण एक लागली. मला त्यांच्या सासूवर विश्वास ठेवायचा नव्हता, पण एकूण एक लागली.

सुलोचनक्का आता थकल्या आहेत, मुलगा न्यायला बघतो आणि त्या जात नाहीत. आम्ही रोज भिंतीशी बोलतो. मी त्यांच्या हातांकडे अजून बघते, सवय जात नाही. त्या माझ्या हातांकडे बघतात.

तर मुक्ता, तू विचारलंस घर कुठलं. मिरजेत जाऊन बघितलंस तर फरशी दिसेल. इथे येऊन बघितलंस तर वाफा दिसेल, पण तो मिरजेचा वाफा नव्हे. मधली काही वर्षं तो रंगाऱ्याच्या घरचा होता, आणि ती वर्षं नसती तर तोही नसता. आई गेल्यावर माझं माहेर एका बाईने चोरून ठेवलेलं निघालं. मी सांभाळायला गेले तिथे ते बुडालं, आणि जिच्यापासून सांभाळत होते तिच्याकडे ते फुललं. मला अजून हे पटत नाही, पण खिडकीतून दिसतं त्याला काय करणार.

फोटो पाठवणार नाही. माघात ये. दादा, तूही ये आणि फरशीच्या कडेची एक ओळ तेवढी उखडून ये. येताना ओलं गोणपाट आणा. कुणीही माझ्याकडे काही मागायचं नाही. फाटकाला सकाळी कुलूप नसतं आणि मी आत कुकर लावत असते. खिडकीतून बघत असेन, हे वेगळं सांगायला नको.